डायमंड कट अलॉय रिम सिमेंट रोडच्या कडेला घासली: रंगवावी, लेथवर काढावी की बदलावी?

औसा रोड

नमस्कार मंडळी. गाडी बलेनो, टायर १९५/५५ आर १६, रिम कंपनीचीच. आतून काळी आणि वरून चकचकीत अशी दुरंगी, म्हणजे डायमंड कट. उसाच्या ट्रॉलीला जागा देताना डावं पुढचं चाक सिमेंट रोडच्या खाली उतरलं. साइडपट्टीचा मुरूम वाहून गेलेला होता, त्यामुळे रस्त्याची कड चार बोटं उघडी पडली होती. चाक परत वर घेताना रिम त्या कडेला घासत गेली.

नुकसान असं: बाहेरच्या कडेला साधारण एक तृतीयांश घेरात खरवड, सगळ्यात खोल जागी १ मिमीच्या आसपास. दोन आऱ्यांच्या टोकांवरची चकाकी गेली. कडेला बारीक धार आली आहे, बोट फिरवलं तर कापेल अशी. टायरच्या बाजूला चिरलेलं वा फुगलेलं काही दिसत नाही. ८०च्या वेगापर्यंत स्टिअरिंग थरथरत नाही, पण त्या एका चाकातली हवा आठवड्याला ३-४ पीएसआयने उतरते.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं मिळाली. टायरवाला म्हणतो, ठोकून सरळ करून देतो. एमआयडीसीतला पावडर कोटिंगवाला म्हणतो, चारही रिमा काळ्या करून घ्या. शोरूम म्हणतं, नवी घ्या. यातलं खरं काय, आणि कोणत्या क्रमाने करावं, हे नीट कळलं तर बरं होईल.

वाळूज मशिनशॉप

ताई, रंगाचं नंतर बघू. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ते हवा उतरण्याचं. बाहेरची खरवड डोळ्याला खुपते, पण त्याच धक्क्याने रिम आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनकडच्या कडेला वाकलेली असू शकते. तिकडे आऱ्यांचा आधार नसतो, म्हणून ती कड आधी वाकते. गाडी उभी असताना ती दिसत नाही.

चाक उतरवून आडवं ठेवा. हवा ३५ पीएसआयपर्यंत भरा. वाटीभर पाण्यात भांड्याचं साबण चमचाभर घालून ब्रशने चार ठिकाणी लावा: बाहेरची कड, आतली कड, व्हॉल्व्हचं बूड आणि रिमची आतली पाट, म्हणजे दोन कडांमधला गोल पट्टा. पाच मिनिटं थांबून बघा. मोहरीएवढे बुडबुडे एकाच जागी सावकाश फुगत असतील तर गळती तिथेच. कडेला आले तर रिम वाकलीय किंवा टायरच्या बैठकीवर पांढरी भुकटी धरलीय. पाटेच्या मधोमध आले तर चीर आहे असं धरूनच पुढे चला.

मग वाकडेपणा मोजा. बॅलन्सिंग मशिनवर चाक चढवून टायरवाल्याकडूनच मोजून घेता येतो. डायल गेज नसेल तर एक जाड तार स्टँडला बांधा, तिचं टोक रिमच्या कडेपासून कागदाएवढ्या अंतरावर आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. अंतर कुठे वाढतं, कुठे तार टेकते ते खडूने खुणा करा. आतली आणि बाहेरची कड वेगवेगळी बघा, आणि वर-खाली व आत-बाहेर अशा दोन्ही दिशांनी बघा. अर्ध्या मिमीच्या आत असेल तर मी तिला सरळ समजतो. १ मिमीच्या वर गेलं की पुढच्या चाकावर ते १००च्या वेगाला हाताला कळतंच.

टायर काढलेलाच असेल तेव्हा डाय पेनिट्रंट, म्हणजे चीर शोधायची लाल रंगाची चाचणी, करून घ्या. तीन डब्यांचा संच असतो: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. वेल्डिंगची कामं घेणाऱ्या बहुतेक फॅब्रिकेशनवाल्यांकडे तो असतो. आधी जागा तेल-चिखल काढून कोरडी करा, लाल रंग मारून १०-१५ मिनिटं राहू द्या. पुसताना क्लीनर रिमवर थेट मारू नका, फडक्यावर घेऊन पुसा. थेट मारला की चिरेत गेलेला रंगही धुऊन निघतो आणि चीर असून दिसत नाही. शेवटी पांढरा डेव्हलपर पातळ मारून १० मिनिटं थांबा. लाल रेघ उमटली तर चीर. सुटे ठिपके असतील तर ती ओतकामातली सच्छिद्रता असते, त्याने घाबरायचं कारण नाही. आऱ्यांची मुळं, नटांच्या भोकांभोवतीचा भाग आणि आतली कड या तीन जागा सोडू नका.

ठोकण्याबद्दल. टायरवाल्याची ती सवय लोखंडी रिमवरून आलेली आहे. लोखंडी रिम हातोडीने सरळ होते, कारण ते पोलाद चिवट असतं. कंपनीच्या अलॉय रिमा बहुतेक ए३५६ नावाच्या ॲल्युमिनियमच्या ओतीव असतात. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात, आणि मग दीडशे-एकशे साठ अंशांवर काही तास ठेवून ताकद आणतात. त्याला टी६ म्हणतात. अशी धातू थंडीत ठोकली तर तडकते. गॅसने भाजून ठोकली तर दुसराच घात होतो: ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं हे डोळ्याला कळत नाही. हे मिश्रण साडेपाचशेच्या पुढे वितळायलाच लागतं, आणि त्याच्या कितीतरी आधी टी६ची ताकद निघून गेलेली असते. रिम सरळ दिसते, पण त्या जागी मऊ पडलेली असते आणि पुढच्या खड्ड्यात तिथेच बसते.

परभणी टायर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. त्यात टायरचं तेवढं जोडतो.

१९५/५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची १०७ मिमी. रिमला घासण्याइतका धक्का बसला म्हणजे ही बाजू दाबली गेलीच असणार. टायर काढल्यावर आतून बॅटरीच्या उजेडात बाजू बघा. आतल्या थराला घडी पडलेली, काळी भुकटी निघालेली किंवा दोरे दिसत असतील तर बाहेरून टायर कितीही चांगला दिसो, तो काढून टाका. बाहेरून टेंगूळ आलं असेल तर दोरे तुटलेलेच आहेत. त्यावर प्लग, पॅच काही चालत नाही.

टायर काढताना बाहेरची कड वर ठेवून लोखंडी टॉमीने उचकटू देऊ नका. मशिनच्या जबड्याला प्लास्टिकची टोपणं आणि टॉमीखाली प्लास्टिकची पट्टी घालायला सांगा. नाहीतर एक खरवड काढायला जाऊन दुसऱ्या चार पडतात. चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो व्हॉल्व्हच्या बुडाशीच असतो. बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, फोडण्याचा जबडा व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूला लावायचा. साधा रबरी व्हॉल्व्ह असेल तर टायर उतरलाच आहे तर नवा घाला.

बैठकीवरची पांढरी भुकटी हिरव्या स्कॉच-ब्राइटने काढून, थिनरने पुसून, बीड सीलरचा पातळ हात फिरवला की अशा गळत्या बऱ्याचदा तिथेच थांबतात. पण वाकलेल्या रिमवर सीलर थापणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी वाक मोजा.

नांदेड रंगकाम

आता रंगाकडे येतो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

डायमंड कट रिमचा चकचकीत भाग हा रंग नसतो. आधी पूर्ण रिमला काळा रंग देतात, मग सीएनसी लेथवर वरचा थर कापून उघडं ॲल्युमिनियम काढतात आणि त्यावर पारदर्शक लॅकर मारतात. जवळून बघितलं तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा दिसतात, चकाकी त्या रेघांची असते. म्हणून तिथे सिल्व्हर स्प्रे मारला की ठिगळ लांबून ओळखू येतं. हाताने ती चकाकी परत आणता येत नाही, आणता येते म्हणणाऱ्याला आधी एक नमुना दाखवायला सांगा.

लॅकर एकदा फुटलं की पाणी कडेकडेने आत शिरतं आणि लॅकरखाली पांढरे धागे सरकायला लागतात, किड्याने माती उकरल्यासारखे. आपल्याकडे उन्हाळाभर ते दबून राहतं. पावसाळ्यात चिखल बसून ओला राहिला की झपाट्याने पसरतं. वॉशिंग सेंटरवर रिमला ॲसिडचं पाणी मारतात, त्याने तर लगेच. तुम्ही निर्णय घ्यायला महिनाभर लावणार असाल तरी आजच धार कानशीने मोडून, जागा स्वच्छ करून त्यावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, एक हात मारून ठेवा. दिसायला काही फरक पडणार नाही, पण पाणी आत जाणार नाही.

तीन मार्ग आहेत.

पहिला, परत डायमंड कट. रिम लेथवर चढवून एक प्रोब तिच्या तोंडाचा आकार बिंदूबिंदूने टिपतो, मग हिऱ्याचं टूल तोच आकार धरून ०.१ ते ०.२ मिमीचे हलके काप घेतं. अशी यंत्रं पुण्यासारख्या शहरात आहेत. तुमची खरवड १ मिमी आहे. एवढं सगळं कापून काढणं बरोबर नाही, कारण प्रत्येक कापाने आरा पातळ होतो. रिमच्या अख्ख्या आयुष्यात हे दोन, फार तर तीन वेळा करायचं काम आहे. चांगला कारागीर बाहेरच्या कडेला टिग वेल्डचे छोटे ठिपके भरून, घासून, मग एकच काप घेतो. त्याला दोन प्रश्न विचारा: किती मिमी कापणार, आणि कापल्यावर लॅकर कधी मारणार. कापलेलं ॲल्युमिनियम रात्रभर उघडं ठेवलं तर ते लॅकर टिकत नाही.

दुसरा, पावडर कोटिंग. दगड, चिखल, ऊन सहन करायला यासारखं काही नाही, पण मग दुरंगीपणा जातो आणि चारही करावी लागतात. आपल्या एमआयडीसीतले बहुतेक कोटिंगवाले लोखंडी कपाटं, खुर्च्या, शेतीची अवजारं करतात. लोखंडासाठी बरोबर असलेल्या त्यांच्या दोन सवयी रिमला मारक आहेत. जुना रंग ते गरम कॉस्टिक सोड्यात बुडवून किंवा भट्टीत जाळून काढतात. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातं, हौदात फेस उसळतो तो त्याचाच. आणि जाळण्याची भट्टी ४०० अंशांच्या आसपास असते, म्हणजे वर सांगितलेली टी६ची सगळी मेहनत त्यात गेली. जुना रंग ॲल्युमिनियमला चालणाऱ्या पेंट रिमूव्हरने किंवा कमी दाबाच्या बारीक ब्लास्टिंगनेच काढायचा. हे आधी कबूल करून घ्या. मान्य नसेल तर रिम उचलून घरी आणा.

पावडर भाजायला धातूचं तापमान १८० ते २०० अंश आणि वेळ १०-१५ मिनिटं पुरते. एकदा चालतं. बिघडलं म्हणून तीन-तीन वेळा भाजत बसू नये. ओतीव रिमच्या बारीक छिद्रांतली हवा भाजताना बाहेर येऊन टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्यासाठी पावडर मारण्याआधी रिम रिकामीच एकदा तेवढ्याच तापमानाला तापवून घ्यायची. साधी पॉलिस्टर लांबी भरलेली असेल तर ती २०० अंशांना फुगते, सुटते. पावडरखाली एकतर धातूमिश्रित, तापमान सोसणारी इपॉक्सी लांबी नाहीतर वेल्ड.

नटांच्या बैठका, रिम हबला टेकते तो मागचा सपाट भाग आणि मधलं भोक, या तीन जागी पावडर नको म्हणजे नको. सिलिकॉनची बुचं आणि तापमान सोसणारी टेप लावून झाकायला लावा. पावडरचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. नटाखाली तो दबत राहतो आणि नट आपोआप सैल होतात.

तिसरा मार्ग, फक्त ती कड आणि आऱ्यांची टोकं घरी दुरुस्त करून तेवढा भाग काळा किंवा गनमेटल (गडद राखाडी) करणं. खर्च सगळ्यात कमी. दुरंगी रिमवर कडेला गोल काळी पट्टी नीट केली तर ती मुद्दाम केल्यासारखी दिसते, पण मग चारही चाकांना करा.

औसा रोड

खूप सविस्तर सांगितलंत, धन्यवाद. तिसरा मार्ग घरी करायचा तर साहित्य आणि पायऱ्या सांगाल का? टायर काढायचाच आहे. सध्या इथे दुपारी ४१-४२ अंश आहे, त्याने काही बिघडतं का?

नांदेड रंगकाम

बिघडतं, आणि तेच बहुतेकांना माहीत नसतं. चाळीसच्या वर तापमानात स्प्रेचा थेंब रिमवर पोचायच्या आत हवेतच सुकतो. मग पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो आणि कितीही क्लिअर मारलं तरी चमक येत नाही. सकाळी सहा ते नऊ या वेळात करा. रिम सावलीत रात्रभर ठेवलेली असावी, हाताला गार लागली पाहिजे. जमिनीवर आधी पाणी शिंपडा, काळ्या मातीची धूळ बसते. पंखा लावू नका.

साहित्य एका रिमसाठी: बारीक दातांची अर्धगोल कानस, पॉलिश पेपर १२०, १८०, २४०, ४०० आणि ८०० नंबरचे दोन-दोन, पॉलिस्टर लांबीचा छोटा डबा, इपॉक्सी प्रायमर, बेस रंग आणि टूके (हार्डनर मिसळून मारायचं) क्लिअर प्रत्येकी ४०० मिलीचा एक स्प्रे. एका तोंडाला एवढं आरामात पुरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर, धागे न सुटणारी फडकी, मास्किंग टेप.

आधी शांपूने धुवा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या, नाहीतर क्षाराचे डाग प्रायमरखाली राहतात. मग अल्कोहोलने पुसा. घासण्याच्या आधी पुसायचं, हे महत्त्वाचं. तेल-ग्रीस तसंच ठेवून घासलं की पेपर ते धातूत कोंबतो.

कानस कडेच्या दिशेने, गोलाईबरोबर चालवा, आडवी नको. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं आणि मग भरलेला कणच नवीन चर पाडतो. म्हणून कानशीवर आधी शाळेचा खडू घासा आणि दर दहा-बारा फेऱ्यांनी तारेच्या ब्रशने झाडा. उंचवटे बसवायचे, खड्ड्याच्या तळापर्यंत जायचं नाही. मग १२०, १८०, २४०. खरवडीच्या भोवती चांगल्या लॅकरमध्ये तीन-चार सेंमीपर्यंत पेपर उतरता न्या. नखाला पायरी लागता कामा नये.

लांबी उघड्या घासलेल्या धातूवर भरा, थर एक-दीड मिमीच्या वर नको. हार्डनर डब्यावर २ टक्के लिहिलेला असतो, या दिवसांत १ ते १.५ टक्के घ्या. नाहीतर पाच मिनिटांत सुरीवरच दगड होते. ॲसिडवाल्या एचिंग प्रायमरवर पॉलिस्टर लांबी भरू नका, ती धरत नाही. टायर जिथे बसतो त्या बैठकीवर आणि नटांच्या बैठकीत लांबीचा कणही नको.

लांबी २४०, मग ४०० ने उतरवा, परत अल्कोहोल, आणि तासाभरात प्रायमर मारा. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने थर धरतो, त्यामुळे संध्याकाळी घासून सकाळी प्रायमर हे चालत नाही. प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं. डब्यावर लिहिलेला वेळ संपला की ८००च्या पेपरने पाण्यात भिजवून हलकं घासा. बेसचे तीन पातळ हात, डबा २०-२५ सेंमीवर, बटण रिमच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. शेवटी क्लिअर, पहिला हात धुक्यासारखा, दहा मिनिटांनी दोन भरलेले.

टूके क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला मास्क लागतो, आणि उघड्यावरच मारा. मूलबाळ आसपास नको. बुडातली पिन दाबल्यावर डबा एक-दोन दिवसांत आतच घट्ट होतो, म्हणून चार रिमा करणार असाल तर चारही एकदमच तयार ठेवा.

एक दिवस हात लावू नका. टायर बसवायला तीन दिवस थांबलात तर उत्तम. आठवडाभर प्रेशरचं पाणी नको.

कधी टायर न काढता फक्त कड करायची वेळ आली तर: हवा सोडून टायर दाबा आणि टायर व कडेच्या फटीत जुन्या लग्नपत्रिकांचे जाड तुकडे एकावर एक चढवत गोल खोचा. टेपपेक्षा रेघ स्वच्छ येते.

जालना विमा

शोरूमने नवी घ्या म्हटलंच आहे तर विम्याचा हिशेब आधी करा. अलॉय रिम धातूच्या भागात येते. वयानुसार घसारा: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५. टायरला ५० टक्के. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे १००० रुपये आपले.

समजा गाडी चौथ्या वर्षात आहे आणि रिमचं बिल १०,००० आहे. २५ टक्के गेले, वर १००० गेले, हातात ६,५०० आले. आता नो क्लेम बोनस बघा. समजा तो ३५ टक्क्यांवर आहे आणि गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी ८,००० आहे. दावा केला नाही तर पुढे ४५, मग ५०, आणि ५०च. दावा केला तर शून्य, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे १२० टक्के. ८,०००वर ते ९,६०० होतात. हप्ता दरवर्षी थोडा उतरतो, तरी एका रिमसाठी दावा करणं परवडत नाही. बोनस सांभाळणारी जोडणी पॉलिसीत असेल, किंवा त्याच धक्क्यात लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, हाही वाकला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुरुस्तीला हात लावण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हे होऊ द्या.

औसा रोड

तपासून आणलं. बुडबुडे आतल्या कडेला, एकाच जागी, साधारण बोटभर लांबीत. तिथे मशिनवर आत-बाहेर १.२ मिमी आलं, बाहेरची कड ०.३. लाल रंगाची चाचणी केली, रेघ कुठेच नाही. टायर आतून चांगला आहे. आता सरळ करून घ्यावी की बदलावी?

वाळूज मशिनशॉप

चीर नाही ही चांगली बातमी. १.२ मिमी, फक्त आतल्या कडेला, आऱ्यांपासून लांब, एवढं हायड्रॉलिक प्रेसवर सरळ होतं. पण अटी तीन. रिम हबच्या भोकावर बसवून, मागे रिमच्या गोलाईचा ठोकळा देऊन सावकाश दाब द्यायचा. गरम करायचीच तर तापमापक धरून दीडशे अंशांच्या आत. आणि सरळ झाल्यावर त्याच जागी लाल रंगाची चाचणी परत, कारण वाकताना न पडलेली चीर सरळ करताना पडते. तिसरी अट टाळायला बघणाऱ्याकडे काम देऊ नका.

ही एका जागेला एकदाच करायची गोष्ट आहे. तिथेच परत वाकली तर रिम भंगारात.

नांदेड रंगकाम

एक जोडतो: चीर निघाली असती तर आतल्या पाटेची चीर टिग वेल्डने, ४०४३ नावाच्या ॲल्युमिनियमच्या सळईने भरून देणारे आहेत आणि हवा धरूनही ठेवतात.

वाळूज मशिनशॉप

हवा धरते, पण वेल्डच्या दोन्ही बाजूंची पट्टी मऊ पडलेली राहते. पूर्ण रिमला परत टी६ दिल्याशिवाय ती ताकद येत नाही, आणि ते कोणी करत नाही. बाहेरच्या कडेच्या टोकाला दिसण्यासाठी भरलेले ठिपके वेगळे. आतल्या पाटेच्या चिरेला मी फार तर स्टेपनीवर जागा देईन. आऱ्याची किंवा नटांजवळची चीर असेल तर वेल्ड नाहीच.

परभणी टायर

बदलायची वेळ आली आणि जुनी घ्यायची झाली, तर रिमच्या मागे ओतलेले आकडे वाचा. रुंदी आणि व्यास, ईटी (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर), भार. मारुतीच्या चार नटांच्या बऱ्याच हॅचबॅकना पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ४×१०० आणि मधलं भोक ५४.१ मिमी. ह्युंदाईची ४×१००ची रिमही बसेल असं वाटतं, पण नटाचे आटे बघा: मारुतीचे १२×१.२५, ह्युंदाईचे १२×१.५. चुकीचा नट हाताने दोन फेरे जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावून जोर केला की स्टडचे आटे गेले. नट रिमबरोबर नाही, गाडीबरोबर जातो. त्याची बैठक निमुळती की गोल, हेही जुन्या रिमशी जुळवा. निमुळता नट गोल बैठकीत फक्त एका रेषेवर टेकतो आणि सुटतो.

मधलं भोक मोठं असेल तर प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची हब रिंग घाला, नाहीतर चाक नटांवर लोंबतं आणि ८०-९०ला थरथरतं. ईटी पाच-सात मिमीच्या वर बदलू नका. कमी घेतली तर चाक बाहेर येऊन बेअरिंगवरचा भार वाढतो, जास्त घेतली तर आत घासतं. रिमवर कोरलेला भार त्या अ‍ॅक्सलच्या एकूण भाराच्या निम्म्याहून कमी नको. आयएसआयची खूण बघाच. जेडब्ल्यूएल, व्हीआयए ही जपानी प्रमाणनाची अक्षरं नकली रिमवरही ओतलेली सापडतात, त्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. पूर्ण नव्याने रंगवलेली जुनी रिम घेऊ नका, रंगाखाली वेल्ड आहे की नाही कळत नाही.

औसा रोड

सरळ करून घेते, मग कड घरी काळी करते. बसवताना काही सांभाळायचं?

परभणी टायर

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, मधल्या कडेला कॉपर ग्रीसचा नखाएवढा पातळ हात. आट्यांना ग्रीस नको, त्याने टॉर्क चुकतो. बॅलन्सिंगला आतून चिकटणारीच वजनं लावायला सांगा, कडेला ठोकायची नकोत. जागा अल्कोहोलने पुसून मगच. ताज्या रंगावर चिकटवली तर रंगासकट सुटतात.

चारही नट आधी हाताने पूर्ण जातात का बघा, मग समोरासमोर जोडीने आवळा. एअर गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. शेवटचा टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये असेल तेवढा. या आकाराच्या गाड्यांना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरमध्ये असतो. ५० ते १०० किमी चालवून, चाक गार झाल्यावर, पुन्हा त्याच टॉर्कला तपासा. आणि त्याच फेरीत अलाइनमेंट करून घ्या. डाव्या पुढच्या चाकाचा आकडा उजव्यापेक्षा बराच वेगळा आला आणि टाय रॉड (चाकाची दिशा जुळवायचा दांडा) फिरवूनही जुळला नाही, तर लोअर आर्म उचलून बघायला सांगा.